मला सीता नको!

मुलांनो, गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू झाली होती. दोन कोळीगीतं, एक शेतकरी नाच आणि एक नाटुकलं, असा आमचा दरवर्षीचा ठरलेला बेत. यंदा नाटुकलं माझ्या चौथीच्या वर्गाकडे आलं आणि पोरांनी एका सुरात सांगून टाकलं, "बाई, रामायण करू!"

मग काय, पात्रं वाटायला बसलो. हनुमान व्हायला अकरा जण तयार. रावणाला सात. रामाला चार. कुंभकर्णालासुद्धा दोघं मिळाले, कारण त्याला नुसतं झोपायचं असतं! मी विचारलं, "आणि सीता?" तर वर्ग एकदम चिडीचूप.

मी एका मुलीकडे पाहिलं. पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत. तिचं नाव इथे सांगत नाही, तसं मी तिला कबूल केलंय. म्हटलं, "अगं, तू हो की सीता." ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मला सीता नको. ती नुसती रडते. मला जांबुवंत करा."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण मग एकेक मुलगी बोलायला लागली. "सीतेला काही कामच नसतं." "ती नुसती झाडाखाली बसते." आणि शेवटच्या बाकावरची एकजण म्हणाली, "तिला आधी पळवतात, मग सोडवतात, मग सोडून देतात." घ्या! एवढं मोठं रामायण तिनं एका वाक्यात संपवलं होतं. मराठीच्या पेपरात 'सारांश लिहा' असा प्रश्न आला असता, तर मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मधल्या सुट्टीत ती जांबुवंतवाली मुलगी डबा न खाता माझ्या टेबलाशी घुटमळत राहिली. मी काही विचारलं नाही. मग तीच हळूच म्हणाली, "बाई, आमच्या आईला सगळे म्हणतात, हिच्या नशिबी सीतेचा वनवास आला. मी सीता झाले तर सगळे हसतील."

तिची आई दोन लेकरांना घेऊन तीन वर्षांपासून माहेरी राहते. बाबा येत नाहीत. आई लोकांच्या शेतात निंदणाला जाते, रात्री शिलाई मशीन चालवते. हे मला माहीत होतं. पण 'सीतेचा वनवास' हे दोन शब्द त्या घरात असे बोचत असतील, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "मला थोडे दिवस दे. मी बघते."

आता एक गंमत सांगते, हसू नका हं. डी.एड. होऊन इतकी वर्षं शिकवतेय मी, पण वाल्मीकींचं रामायण कधी सलग वाचलंच नव्हतं! आजीकडून ऐकलेलं, टीव्हीवर पाहिलेलं, पाठ्यपुस्तकातल्या धड्यातलं, एवढीच माझी शिदोरी. माझं संस्कृतही शाळेतल्या मार्कांपुरतंच. म्हणून मुख्याध्यापकांच्या कपाटातून मराठी भाषांतराचे जाडजूड खंड घरी आणले. सात कांडं, सुमारे 24 हजार श्लोक! रोज रात्री वह्या तपासून झाल्या की वाचायची. आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मुलांना सांगायची.

पहिल्याच दिवशी नावावर गाडी अडली. सीता म्हणजे काय? तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांना हे लगेच कळेल. नांगर जमिनीतून पुढे गेला की मागे जी ओळ उमटते, तिला आपण तास म्हणतो. संस्कृतात तिला म्हणतात सीता! जनकराजा नांगर धरून जमीन नांगरत होता आणि त्या तासात त्याला ही मुलगी सापडली, धुळीनं माखलेली. म्हणून तिचं नाव सीता. ऋग्वेदातल्या चौथ्या मंडलात एक शेताचं सूक्त आहे. त्यात या नांगराच्या ओळीलाच देवी मानून तिला 'चांगलं पीक दे' म्हणून विनवलेलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर राजाच्या शेतीखात्यावरच्या अधिकाऱ्याला 'सीताध्यक्ष' असंच म्हटलंय. म्हणजे आपण जिला राजकन्या, राजकन्या म्हणतो, ती मुळात मातीतली पोर.

वर्गातला एक जण लगेच म्हणाला, "मग आमच्या वावरात पण सीता आहे!" आहेच की.

आता ती नुसती रडते का, ते बघू.

रामानं तिला सांगितलं, मी चौदा वर्षं वनात चाललो, तू इथंच राहा. वनात सिंह आहेत, साप आहेत, काटेकुटे आहेत. सीता काय म्हणाली असेल? ती म्हणाली, मी तुमच्या पुढे चालेन आणि वाटेतले काटे माझ्या पायांनी तुडवून तुमची वाट मऊ करीन. तरी राम ऐकेना. तेव्हा ती चांगलीच रागावली. बायकोला न्यायला घाबरणारा जावई आपल्याला मिळाला, हे माझ्या वडिलांना कळलं तर ते काय म्हणतील, असंही तिनं सुनावलं. पुढे अध्यात्म रामायण नावाचा ग्रंथ झाला. त्यात तर सीता आणखी गमतीदार मुद्दा काढते. रामाला ती विचारते, तुम्ही इतकी रामायणं ऐकलीत, त्यातल्या एकात तरी राम सीतेला सोडून वनात गेलाय का? मुलांना हा मुद्दा एवढा आवडला की दोन दिवस वर्गात कुणीही काहीही मागितलं, की हेच! "बाई, तुम्ही इतक्या शाळा पाहिल्या, एका तरी शाळेत शेवटच्या तासाला गणित घेतात का?"

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती अरण्यकांडातली तलवारीची गोष्ट. ती कुणी मला लहानपणी सांगितलीच नव्हती. दंडकारण्यातल्या ऋषींनी रामाला राक्षसांपासून आमचं रक्षण कर अशी विनंती केली आणि रामानं वचन दिलं. वाटेत चालता चालता सीता त्याला म्हणते, ज्यांनी आपलं काही वाकडं केलं नाही, त्यांच्याशी उगाच वैर कशाला? आणि मग ती गोष्ट सांगते. एक तपस्वी होता. शांत, कुणाला त्रास न देणारा. त्याचं तप मोडावं म्हणून इंद्र योद्ध्याचं रूप घेऊन आला आणि आपली तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. दुसऱ्याची वस्तू, हरवायला नको! म्हणून तपस्वी ती सदा जवळ बाळगू लागला. कंदमुळं आणायला निघाला तरी तलवार हातात. हळूहळू काय झालं असेल? हातात तलवार आहे म्हटल्यावर ती चालवावीशी वाटू लागली. शेवटी तो शांत माणूस क्रूर झाला.

मी थांबले. आमच्या वर्गात एकाकडे नवी गुलेर आलेली होती आणि आदल्याच दिवशी तिनं कार्यालयाच्या खिडकीची काच गेली होती. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या!

बरं, रामानं सीतेचं ऐकलं का? मी वचन देऊन बसलोय, ते मोडता येणार नाही, असं त्यानं सांगितलं. पण तू हे मला प्रेमापोटी सांगितलंस याचा मला आनंद आहे, असंही तो म्हणाला. दोघांचं पटलं नाही, तरी दोघं एकमेकांशी नीट बोलले. (आई-बाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठी.)

मग रावण तिला पळवून नेतो. इथे तरी ती रडतच असेल ना? रडते, हो. तुम्हीही रडाल. पण रडता रडता तिला खाली डोंगरावर पाच वानर बसलेले दिसतात. ती आपली पिवळी ओढणी काढते, तिच्यात दागिने बांधते आणि ते गाठोडं रावणाच्या नकळत वानरांकडे टाकून देते. पुढे सुग्रीव तेच गाठोडं रामाला दाखवतो. संकटात असताना आपला माग ठेवायचं भान तिला राहिलं. लंकेत रावण समोर येऊन उभा राहतो, तेव्हा ती दोघांच्या मध्ये गवताची एक काडी ठेवते आणि मग त्याच्याशी बोलते. तुझी किंमत माझ्या लेखी एवढीच!

हनुमान भेटतो तेव्हा ती आधी त्याच्यावर विश्वासच ठेवत नाही. रावणच वेश पालटून आला नसेल कशावरून? राम दिसतो कसा, सांग, म्हणते. त्याची परीक्षा होते, तो पास होतो, अंगठी देतो. मग तो म्हणतो, आई, माझ्या पाठीवर बस, आत्ता तुला घेऊन जातो. इथे मी पुस्तक मिटलं आणि वर्गाला विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" सगळे ओरडले, "बसलो असतो!" सीता नाही बसली. ती एकेक अडचण सांगते. तू वेगानं जाशील, मी समुद्रात पडले तर? राक्षस पाठीमागे लागले, तर तू लढशील की मला सांभाळशील? आणि चोरून मला परत कशाला न्यायचं? रामानं यावं, रावणाला हरवावं आणि मला घेऊन जावं, तेच त्याला शोभेल. वाट बघायची, हे तिनं स्वतः ठरवलेलं होतं.

युद्ध संपल्यावर आनंदाची बातमी घेऊन हनुमान पुन्हा तिच्याकडे येतो. तिला धमकावणाऱ्या राक्षसिणी तिथंच असतात. हनुमान म्हणतो, तू फक्त हो म्हण, या सगळ्यांना मी बघून घेतो. सीता म्हणते, नको. त्या राजाच्या नोकर. मालकानं सांगितलं तसं त्या वागल्या. आणि ती त्याला अस्वलाच्या एका जुन्या वचनाची आठवण देते. त्यामागची गोष्ट जुन्या टीकाकारांनी सांगून ठेवलीय. वाघ मागे लागला म्हणून एक पारधी झाडावर चढला. वर अस्वल बसलेलं. वाघ अस्वलाला म्हणाला, दे ढकलून त्याला. अस्वल म्हणालं, माझ्या आसऱ्याला आलाय, नाही ढकलणार. मग अस्वल झोपलं. वाघानं पारध्याला तेच सांगितलं आणि पारध्यानं खरोखरच अस्वलाला ढकललं! अस्वल फांदीला धरून वाचलं. वाघ म्हणाला, आता तरी ढकल. अस्वलानं तरीही नाही ढकललं.

अग्निपरीक्षेचा भाग मी वर्गात फार लांबवला नाही. एवढंच सांगितलं, की राम कठोर बोलला तेव्हा सीता मान खाली घालून गप्प बसली नाही. एखाद्या सामान्य माणसानं सामान्य बाईला बोलावं तसं तुम्ही मला बोलताय, असं तिनं सगळ्यांसमोर त्याला सुनावलं. लक्ष्मणाला चिता रचायला तिनंच सांगितलं.

आणि मग उत्तरकांड. हे कांड मागाहून जोडलेलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. पण आपल्या आज्यांनी जपलं ते हेच. लोक कुजबुजले, रामानं राजा म्हणून त्यांचं ऐकलं आणि लक्ष्मण सीतेला गंगेपलीकडे सोडून आला. तिला दिवस गेलेले होते. वाल्मीकींच्या आश्रमात तिला मुलं झाली, कुश आणि लव. रामानं दुसरं लग्न केलं नाही. यज्ञात शेजारी बसवायला त्यानं सीतेची सोन्याची मूर्ती करून घेतली. पण सोन्याची सीता यज्ञात बसली तरी दोन मुलांना न्हाऊमाखू घालायला खरी सीताच लागते ना!

आमच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथं सीतेचं देऊळ आहे. शेजारी राम नाही. एकटीच सीता. गावातले लोक सांगतात, की बाळंतपणानंतर सीतेनं तिथं घरोघरी मूठभर गहू मागितले. कुणी दिले नाहीत. तेव्हा तिनं शाप दिला, तुमच्या शिवारात गहू पिकणार नाही. हे पडकं झालेलं देऊळ शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या पुढाकारानं पुन्हा उभं राहिलं. आता वाल्मीकींचा आश्रम कुठे आणि रावेरी कुठे, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी म्हणाले. पण जात्यावर बसून ज्या बायकांनी पहाटे सीतेच्या ओव्या गायल्या, त्यांना सीता आपल्याच गावच्या वेशीवर बसलेली दिसत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या कितीतरी! त्या गाणाऱ्या बायका सीतेच्या बाजूनं उभ्या आहेत. काही ठिकाणी त्यांनी रामालाही बोल लावायला कमी केलेलं नाही.

एवढं झाल्यावर मी वर्गाला विचारलं, "आता मला सांगा, रामायण सगळ्यात आधी लोकांना कुणी गाऊन दाखवलं?"

"वाल्मीकींनी!"

"रचलं वाल्मीकींनी. गायलं कुणी?"

ती जांबुवंतवाली मुलगी उभी राहिली. "लव आणि कुश."

बरोब्बर. ज्या दोन पोरांना त्यांच्या आईनं एकटीनं, वनात वाढवलं, त्यांच्या तोंडून रामायण जगानं ऐकलं. रामाच्या अश्वमेध यज्ञात नैमिषारण्यात ती दोघं गायली, रोज वीस सर्ग, जसं वाल्मीकींनी सांगितलं होतं तसं. रामाला तेव्हा ठाऊक नव्हतं की ही आपलीच मुलं. तो खूश झाला. दोघांना 18 हजार सोन्याच्या मोहरा द्या म्हणाला. मुलं म्हणाली, आम्ही वनात राहतो, कंदमुळं खातो, सोनं घेऊन काय करू?

मला वाटलं, आता वर्ग टाळ्या वाजवेल. पण ती मुलगी उभीच होती. विचारात पडून म्हणाली, "बाई, घ्यायला पाहिजे होत्या. आईला दिल्या असत्या."

मुलांनो, यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पण त्यानंतर चमत्कार झाला. सीता व्हायला एकदम पाच मुली पुढे आल्या! भांडणं नकोत म्हणून आम्ही तीन सीता केल्या. एक वनात जाणारी, एक लंकेतली आणि एक शेवटची. आणि शेवटावरूनच थोडी खळखळ झाली. एक पालक भेटायला आले. त्यांचं म्हणणं, लहान मुलांचं नाटक आहे, सीता जमिनीत जाते असा दुःखाचा शेवट कशाला, राम-सीता एकत्र आले असं दाखवा. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आठव्या शतकात, आपल्याच विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीलाही तसंच वाटलं होतं. त्यानं 'उत्तररामचरित' नाटक लिहिलं आणि त्यात शेवटी दोघांना एकत्र आणलं. मी मुलांपुढे दोन्ही शेवट ठेवले, हात वर करायला सांगितले. वाल्मीकींचा शेवट मोठ्या फरकानं जिंकला. का रे, म्हटलं, तर एक मुलगा म्हणाला, "तिला परत परत शपथ घ्यायला लावतात. मग ती येणारच नाही."

जमीन दुभंगण्यासाठी आम्ही दोन बाकं आणि तपकिरी चादर वापरली. तालमीत शेवटची सीता दोनदा खरंच बाकांमधल्या फटीत अडकली, ते सोडा.

आणि आमची जांबुवंत? तिनं मागितलं, "मला कुश करा." लव म्हणून तिनं दुसरीतल्या आपल्या भावाला आणलं. चौथीच्या नाटकात दुसरीचा मुलगा कसा, म्हणून थोडी कुरकुर झाली. पण तो असा सुरेल गायला की कुरकुर तिथंच संपली.

संमेलनाला त्यांची आई आली होती. कामावरून थेट, मागे बायकांच्या रांगेत उभी. नाटक संपल्यावर गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. मी आपली मनात जुळवाजुळव करत होते, काय बोलावं हिच्याशी. ती लेकाच्या डोक्यावरचा कागदी मुकुट सारखा करत म्हणाली, "बरं केलं जी पोरांनी, सोनं नाही घेतलं." लेक लगेच म्हणाली, "मी तर घेणार होते!" आणि मग मायलेकी हसत हसत घराकडे गेल्या.

तर मुलांनो, या आठवड्याचं काम. घरात, शेजारी, मामाच्या गावी कुणी जात्यावर दळलेल्या आजी असतील, तर त्यांना सीतेची ओवी विचारा. आजी म्हणेल तशीच, तिच्याच शब्दांत उतरवून घ्या, शुद्धलेखन सुधारू नका. गावाचं नाव लिहा आणि पाठवून द्या. मी वाट बघतेय.

— तुमच्या बाई